आत्याला घरच्यांत धरत नाहीत

आत्या, कॉलेजच्या ऑफिसात आत्याला घरच्यांत धरत नाहीत. मला हे ठाऊक नव्हतं. तुलाही नसणार, नाहीतर ॲडमिशनच्या दिवशीच तू त्या खिडकीपाशी उभी राहून आतल्या क्लार्कला, बाबूजींना, कारण विचारलं असतंस आणि मागची सगळी रांग खोळंबली असती.

झालं असं, की तू हॉस्पिटलात होतीस ते दिवस आणि नंतर, तू गेल्यावर, पुण्यानुमोदनापर्यंतचे दिवस मी कॉलेजला गेलेच नाही. हजेरी आधीच काठावर होती. आता ती इतकी कमी भरतेय की या सेमिस्टरच्या परीक्षेला मला बसू देतील की वर्ष जाईल, हेच ठरायचं आहे. सूट मिळते, पण दोनच कारणांना. एक तर आपण स्वतः आजारी असावं, नाहीतर आई, वडील, भाऊ, बहीण यांच्यापैकी कुणी जावं. बाबूजी माणूस वाईट नाही. त्यांनी चष्मा वर सरकवून माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून सांगितलं की मेडिकल लावून टाक, सगळे लावतात. गल्लीतल्या कुठल्याही डॉक्टरकडून व्हायरल लिहून आणायचा, काम संपलं.

म्हणजे बघ. कोण खरंच आजारी आणि कोण नाही, या एका गोष्टीच्या मागे तुझी इतकी वर्षं गेली, आणि तीच गोष्ट आता माझ्यापुढे येऊन बसली आहे. विचारायला तू नाहीस. म्हणून लिहितेय.

मराठीत लिहायची मला सवय नाही. शब्द अडला की बाबांना हाक मारते. पण आपलं वाजलं आणि मी रागाच्या भरात हिंदीवर गेले की तू हात वर करून थांबवायचीस. "भांडायचं तर मराठीत भांड. तिकडच्या भाषेत मला हरायचं नाही." तर हे मराठीत, कारण आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे.

तू वर्ध्याहून इथे दिल्लीला कशी आलीस, तुझ्या वाट्याला काय काय आलं, ते मी लिहीत नाही. ते बाबांनी पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्यांपुढे सांगितलं. सांगताना ते मध्येच थांबले, पुन्हा सुरू झाले, पुन्हा थांबले. मला वाटलं, आता तू मागून म्हणशील, दादा, आटप, लोकांना जेवायचं आहे.

मला सकाळ आठवते. आपण दोघी घरातून एकत्र निघायचो आणि छत्तरपूरच्या मेट्रो स्टेशनवर वेगळ्या व्हायचो. तू गुरुग्रामकडच्या बाजूला, मी उलट्या. मध्ये रूळ. तुला ते रूळ कधी दिसलेच नाहीत. तू तिकडून मोठ्यानं विचारायचीस, डबा घेतलास का, पाणी घेतलंस का, आणि एकदा तर, आज पेपर आहे ना, मग केस का असे बांधलेत. सगळा प्लॅटफॉर्म माझ्याकडे बघायचा. तुझी गाडी आधी आली की तू काचेला लागून उभी राहायचीस आणि मी डोळ्यांआड होईपर्यंत मान वळवून बघायचीस. मी घरातली पहिली कॉलेजात गेलेली. बाबा सरकारी खात्यात शिपाई, आई घरी शिवणकाम करते. पण मी रोज खरोखर कॉलेजच्या गाडीत चढते आहे, हे डोळ्यांनी बघायची चैन फक्त तुला होती, आणि मधले थोडे दिवस वगळले तर तू ती कधी सोडली नाहीस.

गुरुग्रामच्या त्या काचेच्या टॉवरमध्ये तू हाउसकीपिंगची सुपरवायझर होतीस. मजले पुसणाऱ्या, टॉयलेट धुणाऱ्या, मीटिंग संपली की कप उचलणाऱ्या सगळ्या बाया तुझ्या हाताखाली. तुम्ही कुणीच त्या टॉवरमधल्या कंपन्यांच्या नोकर नव्हता, एजन्सीच्या होता. सगळ्यात नावडतं काम एजन्सीनं तुझ्याकडे दिलं होतं. एखादी बाई आजारी आहे म्हणून आली नाही आणि एजन्सीला शंका आली, की तू तिच्या घरी जायचं, बघायचं आणि कळवायचं, खरं की खोटं. तुझ्या शब्दावर तिचा पगार कापला जाई किंवा वाचे. कधी कधी नोकरीसुद्धा.

त्यासाठी व्हॉट्सॲपचा ग्रुप होता. आजारी बाईनं त्यावर फोटो टाकायचा, थर्मामीटरचा नाहीतर औषधांचा. तू मला तो ग्रुप दाखवायचीस. एकाच फुलाफुलांच्या चादरीवर ठेवलेला एकच थर्मामीटर कधी बबिताच्या नावानं यायचा, कधी रेखाच्या. तू पोट धरून हसली होतीस. म्हणालीस, "बाया बऱ्या आहेत गं. ही चादरच सारखी आजारी पडते."

पण हसणं नंतरचं. आधी कमलेश होती.

कमलेशची गोष्ट तू मला इतक्या वेळा सांगितलीस की मी तिला न बघता ओळखते. तू नवी सुपरवायझर होतीस. ती तापानं झोपून होती, एजन्सीला खरं वाटेना, तू गेलीस. तुला दारात बघून ती उठली, ओढणी सारखी केली, खुर्ची पुसली, वेलची कुटून चहा केला, शेजारणीकडून नमकीन मागून आणलं. तू चहा प्यायलीस आणि कळवलंस की बाई उभी होती, काम करत होती, ठीक दिसते. तिचे पैसे कापले गेले आणि दुसऱ्या दिवशी हजर हो म्हणून निरोप गेला. ती हजर झाली आणि लिफ्टसमोर कोसळली. टायफॉइड होता.

तू तिच्याकडे जाऊन माफी मागितलीस, तिच्या घरच्यांचं सगळं ऐकून घेतलंस. एजन्सीच्या या घरी जाऊन बघण्यातच एक चूक होती, ती कुणाच्या लक्षात आली नव्हती, आणि ती आपल्यासारख्या लोकांतच होऊ शकते, असं तू म्हणायचीस. "सुपरवायझर घरी आली तर मेलेली बाईसुद्धा उठून चहा टाकेल. आणि आपण लिहिणार, बरी आहे."

त्यानंतर तू तुझी पद्धत काढलीस. कुणी शिकवलेली नव्हती. दारात चपला काढल्या की तू सरळ गॅसपाशी. बाईला म्हणायचीस, लेट जाओ, चाय मैं बनाऊँगी. साखर कुठे, पत्ती कुठे, तेवढंच विचारायचं. बाकी एक प्रश्न नाही. कुठे दुखतं नाही, कधीपासून नाही, डॉक्टर काय म्हणाला तेही नाही.

जी खरंच आजारी असे ती पडून राही. एखादी भिंतीकडे तोंड करून रडे, की सासरी आल्यापासून आज पहिल्यांदा कुणी हातात कप दिला. आणि जी आजारी नसे, तिला ते सोसवत नसे. आपण धडधाकट गादीवर, आणि दीदी आपल्या घरात आपला चहा गाळतेय. बबिता तर पातेलं ठेवण्याआधीच ताडकन उठली होती. तिनं तुझा हात धरला आणि म्हणाली, "दीदी, पाप मत चढ़ाओ मेरे ऊपर." नणंदेचा रोका होता, साखरपुड्यासारखा कार्यक्रम. तू शांतपणे विचारलंस की रोका काय आज सकाळी ठरला, आधी सुट्टी का नाही मागितली. ती म्हणाली, मागितली होती, कोण देतं.

त्या दिवशी तू घरी आलीस ती विचारातच. आईला सांगत होतीस, मी ऐकत होते. मागितलेली सुट्टी एजन्सी कधीच देत नाही, आजारपणाची देते. म्हणून बायांना आजारी पडावं लागतं. पुढे तू एजन्सीच्या मॅनेजरच्या, सक्सेना साहेबांच्या मागे लागून एवढं मिळवलंस, की आदल्या दिवशी सांगितलं आणि आपल्या मजल्याला दुसरी बाई उभी केली तर कारण न विचारता सुट्टी. चादरीचं आजारपण पुष्कळ कमी झालं. टॉवरमध्ये कुणी त्याबद्दल टाळ्या वाजवल्या नाहीत. मी इथे वाजवते.

तरी मी तुझ्याशी भांडले. कॉलेजात समाजशास्त्राच्या मॅडमनी कामगारांवर नजर कशी ठेवली जाते ते शिकवलं होतं, आणि मला वर्गात बसल्या बसल्या तू दिसायला लागलीस. घरी येऊन मी म्हटलं, तू चहा कर नाहीतर जेवण वाढ, तू त्यांच्या घरात एजन्सीचे डोळे घेऊन जातेस. कुणी तुझ्या घरी असं आलेलं तुला चालेल का? तू कांदा चिरत होतीस. तो चिरून संपवलास. मग म्हणालीस, मी नाही गेले तर एजन्सीचा तो मोटरसायकलवरचा फील्डवाला पोरगा जाईल. तो दारातून फोटो काढतो. मी म्हटलं, असं काम करणारे सगळे हेच म्हणतात. तू म्हणालीस, "म्हणत असतील. पण सगळे चपला काढून आत जात नाहीत."

मला यावर अजूनही नक्की सांगता येत नाही. मला वाटतं माझं बरोबर होतं. आणि मला असंही वाटतं की मी आजारी असते, तर तूच आलेली मला हवी असतीस.

पण अर्धं राहिलेलं भांडण हे नाही. ते पूनमचं.

पूनम दर दोन-तीन आठवड्यांनी सोमवारी आजारी पडायची. नेहमी पोट, नेहमी सोमवार. सोमवारी टॉवर भरलेला असतो, सगळ्यात जास्त काम त्याच दिवशी. सक्सेना साहेब वैतागले होते. या वेळी खोटं निघालं तर काढून टाकतो, म्हणाले, आणि तुला पाठवलं. तू गेलीस. ती पांघरूण घेऊन पडलेली, कोपऱ्यात कपड्यांची बांधलेली गाठोडी. तू चहा ठेवलास. पूनम पक्की होती, उठली नाही. चहा उकळला, गाळून झाला, तरी नाही. तू कप तिच्या हातात दिलास तेव्हा मात्र तिला रडू फुटलं.

तिच्या नवऱ्याचा सोम बाजारात लहान मुलांच्या कपड्यांचा ठेला. त्याचा पाय मोडला होता. आठवडी बाजारात जागा कुणाच्या नावावर नसते, जो दर वेळी येऊन पथारी टाकतो त्याची ती जागा. दोनदा रिकामी राहिली तर तिसऱ्यांदा तिथे दुसऱ्याचा ढीग लागलेला असतो. मोडक्या पायानं जमेल तेव्हा तो जायचा, नाही जमलं की पूनमचं पोट दुखायचं.

तू हे सांगितलंस तेव्हा आपण जेवत होतो. मी म्हटलं, मग लिही ना, पोट दुखत होतं. तू म्हणालीस, दुखत नव्हतं. मी म्हटलं, तुला काय फरक पडतो, एक ओळ तर आहे. तेव्हा तू घास खाली ठेवलास.

"मला नाही पडत. पण उद्या कमलेशसारखी कुणी खरंच तापानं फणफणली आणि मी लिहिलं आजारी आहे, तर सक्सेनानं ते का मानायचं?"

"आणि तुझा शब्द राहावा म्हणून पूनमची नोकरी गेली तर?"

बाबांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. आईनं उगाच सगळ्यांना भाजी वाढली.

तू खरं तेच कळवलंस. पूनम आजारी नव्हती. आणि त्याखाली तू लिहिलंस की तिला सोमवार हवा आहे, तो द्या, बदल्यात ती रविवारी येईल. रविवारी टॉवर रिकामा असतो तेव्हा गालिचे धुतात, काचा घासतात, आणि त्या कामाला कुणी मिळत नाही. सक्सेना साहेब म्हणाले की खोटं बोलणाऱ्या बाईला बक्षीस द्यायचं का. पूनमला लेखी ताकीद मिळाली आणि गेटवर तिचं कार्ड बंद झालं. किती दिवस चाललं ते. तू रोज ड्युटीच्या आधी त्यांच्या केबिनबाहेर जाऊन उभी राहायचीस. मला तू सांगितलं नव्हतंस, पण सकाळी तू माझ्याआधी निघायला लागलीस आणि समोरचा प्लॅटफॉर्म मोकळा दिसायला लागला, तेव्हा मला कळलं. शेवटी तू त्यांना म्हणालीस की पूनमला काढायचं असेल तर काढा, पण यापुढे कुणाचा ताप बघायला दुसरं माणूस शोधा. खरं सांगितल्यावर जर हेच होणार असेल, तर मला कुणी खरं सांगणार नाही आणि माझ्या जाण्याला अर्थ उरणार नाही.

त्यात तुझीही नोकरी जाऊ शकत होती. गेली नाही. पूनमला रविवार मिळाला, सोमवार सुटला. पण सक्सेना साहेबांनी तिला वरच्या मजल्यावरून काढून तळघरातल्या पार्किंगला टाकलं, आणि ती तुझ्याशी बोलेनाशी झाली.

तू मला हे सांगितलंस तेव्हा मी काय म्हणावं? मी म्हटलं, तुझं नशीब चांगलं होतं. दुसऱ्याच्या पोटाशी जुगार खेळलीस आणि डाव लागला.

तू म्हणालीस, "असेल." आणि दिवा मालवून झोपलीस.

तेवढंच. मग तुझं छातीचं दुखणं सुरू झालं आणि तो विषय पुन्हा निघाला नाही. मला तुझ्याशी पुढे भांडायचं होतं, आत्या. मला सांगायचं होतं की जुगार तो होताच, पण रोज सकाळी त्या केबिनबाहेर उभी राहणारी बाई माझी आत्या आहे हे मी कॉलेजात तीन जणींना मिरवून सांगितलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात कशा बोलायच्या ते मला आलं नाही. अजूनही नीट येत नाही.

हॉस्पिटलात तुला ठेवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी एजन्सीचा मेसेज आला. आजारपणाचा फोटो पाठवा. बाबा इतके चिडले की फोन भिंतीवर आपटायचेच बाकी होते. तू डोळे मिटून पडली होतीस, मला वाटलं झोपलीस. तू म्हणालीस, "पाठव. मी सगळ्यांकडे मागितलाय." मग थोडा दम खाऊन, "चेहरा नको. हात काढ, सुई दिसेल असा." आणि मी फोन धरला तर पुन्हा थांबवलंस. "चादर सरळ कर आधी. नाहीतर बबिता म्हणेल, आमचीच उचलून आणली."

मी फोटो टाकला. ग्रुपवर कुणी हात जोडलेलं चित्र टाकलं नाही, कुणी लवकर बऱ्या व्हा म्हटलं नाही. एकेक मेसेज खाली येत गेला. सातवा मजला मी बघते. चौथा आणि पाचवा माझ्याकडे. कँटीन मी. शेवटी, बऱ्याच वेळानं, पूनमचा. बेसमेंट के साथ लॉबी भी. मी तुला सगळे वाचून दाखवले. ऐकताना तुझी बोटं चादरीवर हलत होती. मजले मोजत होतीस. सगळे भरले तेव्हा बोटं थांबली.

नंतरचं मी सांगत नाही.

पुण्यानुमोदन रविवारी झालं. टॉवरमधल्या सगळ्या बाया आल्या, पूनम आली नाही. ती मंगळवारी ड्युटी संपल्यावर एकटी आली. रविवारी काम होतं, म्हणाली. मग आईजवळ बसून बराच वेळ तुझ्यावर रागावत राहिली. ती लेखी ताकीद अजून तिच्या नावावर आहे, पार्किंगमधल्या धुरानं तिचा घसा बसतो, दीदीनं एक ओळ खोटी लिहिली असती तर काय बिघडलं असतं. बोलता बोलता तिनं आईचा हात धरला आणि तो मग सोडलाच नाही. मी तिला कॉलेजचं सांगितलं. मेडिकल आणू की नको, विचारलं. का कोण जाणे, मला वाटलं ती नको म्हणेल. ती म्हणाली, बनवा ले, पागल है क्या.

बाबांचंही तेच. त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं, "घे बेटा. तिला काय हवं होतं? तू परीक्षेला बसायला हवी होतीस. एवढंच हवं होतं." आणि आत्या, हे खोटं नाही. तुला तेच हवं होतं. म्हणून मी अडले. एका बाजूला तू रोज काचेला लागून माझ्याकडे बघणारी, दुसऱ्या बाजूलाही तूच, घास खाली ठेवून दुखत नव्हतं म्हणणारी. काहीही केलं तरी दोघींपैकी एकीला मी काय तोंड दाखवू?

मी गेले डॉक्टरकडे. गल्लीच्या तोंडावरच्या. बाकावर बसले, नंबर आला. त्यांनी मान खाली घालूनच विचारलं, कब से है बुखार. मी काहीतरी म्हणणार होते. मी घरून ठरवून गेले होते काय म्हणायचं ते. तोंडातून निघालं, बुखार नहीं है. त्यांनी वर बघितलं. मी म्हटलं, बुआ गुज़र गईं. तिकडच्या भाषेत तू बुआ. आणि तिथे, त्या अनोळखी माणसासमोर, मला पहिल्यांदा नीट रडू आलं. घरी सगळ्यांना सांभाळताना आलं नव्हतं. त्यांनी माझं बीपी बघितलं, दोन वेळा जेवत जा म्हणाले आणि पुढच्या माणसाला बोलावलं. मेडिकलचं त्यांनी विचारलं नाही, मीही नाही.

मग मी साधा अर्ज लिहिला. मी आजारी नव्हते. माझी आत्या हॉस्पिटलात होती, मी तिच्याजवळ होते, नंतर ती वारली, नंतर मी घरी होते. एवढंच. लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी अजून तुझ्याशी सहमत नाही. तू दुसरीची नोकरी पणाला लावलीस, मी फक्त माझं वर्ष लावतेय. यात फरक आहे आणि तो मी सोडणार नाही. तू असतीस तर यावर काहीतरी बोलली असतीस. आता माझाच शब्द शेवटचा राहतो, आणि मला तो तसा नको आहे.

आज सकाळी अर्ज दिला. मागे रांग होती. बाबूजींनी वाचला आणि कपाळाला हात लावला. मी सांगितलं होतं ना तुला, म्हणाले. हा कमिटीपुढे जाईल, तिथे काय होईल सांगता येत नाही, बुआसाठी कुणी इतके दिवस देत नाही. मी म्हटलं, हो, मला माहीत आहे. त्यांनी रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि रजिस्टर पुढे ओढलं. नात्याच्या रकान्यावर पेन टेकवून हळूच म्हणाले, "माता लिख देता हूँ. कौन देखने आ रहा है."

ते मनापासून म्हणाले, आत्या. त्यांना मला वाचवायचं होतं. पण आई घरी मशीनवर बसली होती, सकाळीच तिनं मला डबा दिला होता. आणि तू आई नव्हतीस. आईसारखीही नव्हतीस. आईनं मला मोठं केलं. तू रुळांच्या पलीकडे उभी राहून मी गाडीत चढते की नाही ते पाहिलंस. ते काम आत्याचंच होतं आणि ते दुसऱ्या कुणाच्या नावावर घालायचं मला जमेना.

"नहीं सर," मी म्हटलं. "बुआ ही लिखिए."

त्यांनी थोडा वेळ पेन तसंच धरून ठेवलं. मग लिहिलं, शिक्का मारला आणि पुढच्या मुलाला हाक मारली. कमिटी कधी बसेल ते अजून कळलं नाही. पण त्या मोठ्या रजिस्टरात, माता, पिता, माता, माता, अशा लांब ओळीच्या खाली आता तू आहेस.